न केलेल्या कामाची हमाली

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन निवडली आहेत. पहिल्याचं उत्तर लांबलं आहे. त्याच विषयावर आणखी चार पत्रं आली होती, म्हणून ते कापलं नाही.

प्रश्न : ताई, भोसरी एमआयडीसीत माझं छोटं मशिन शॉप आहे. सात माणसं कामाला आहेत. गेल्या महिन्यात कर्ज काढून धातू कापायचं एक जुनं व्हीएमसी मशिन घेतलं, साडेपाच टनांचं. ट्रेलर दारात आला. हायड्रा, म्हणजे उचलायची क्रेन, मी आधीच सांगून ठेवली होती. पट्टे बांधून होतात न होतात तोच दोन मोटरसायकलींवरून पाच जण आले. ‘आमच्या एरियात माल उतरतोय, आमची वाराई द्या,’ म्हणाले. वाराई म्हणजे माल उतरवण्याची हमाली. पंधरा हजार मागितले. मी म्हटलं, ‘अहो, हायड्रा उतरवतेय, तुम्ही काय करणार?’ तर म्हणे, ‘आम्ही उभे आहोत ना.’ ट्रेलरवाला घाई करत होता, हायड्राचं भाडं तासावर होतं. शेवटी आठ हजारांवर मिटवलं. पावती नाही. माझे मोठे भाऊ म्हणतात, माथाडी कायद्यात हे बसतंच, वाद घालू नकोस. खरं आहे का? दिवाळीनंतर दुसरं मशिन आणायचं आहे.

उत्तर : नाही, खरं नाही. तुमच्या भावांना माझा नमस्कार सांगा आणि हेही सांगा की माथाडी कायदा हमालाला काम आणि कामाचा दाम मिळावा म्हणून झाला. उभं राहण्याचा दाम त्यात कुठेही नाही.

हे मी जरा कळवळून लिहिते आहे, त्याला कारण आहे. माझे वडील, आम्ही त्यांना नाना म्हणायचो, पुण्याच्या भुसार बाजारात एकतीस वर्षं हमाल होते. तेव्हा गोणी शंभर किलोची असायची. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं १९६७ साली एका माणसानं उचलायच्या वजनाची मर्यादा ५५ किलो असावी अशी शिफारस केली होती. नानांच्या मानेपर्यंत ती यायला फार वर्षं गेली. मानेखाली त्यांना सुपारीएवढी गाठ होती, ती शेवटपर्यंत राहिली.

टोळीत लिहिता येणारं कुणी नव्हतं. म्हणून सातवीत असल्यापासून टोळीची वही मी लिहायची. संध्याकाळी दहा जण रिकाम्या बारदानावर बसायचे, मुकादम सांगायचे आणि मी रकाने भरायची: गाडी कुणाची, पोती किती, दर काय, रक्कम किती, माणशी किती. १९७८ चा पावसाळा होता. श्रावणात बाजार थंड, तीन दिवस गाडीच नव्हती. चौथ्या दिवशी एका व्यापाऱ्यानं स्वतःच्या गड्यांकडून गाडी उतरवून घेतली. टोळीनं जाऊन साठ रुपये घेतले. संध्याकाळी मुकादमांनी गाडीचं नाव सांगितलं, मी लिहिलं. मग विचारलं, ‘पोती किती लिहू?’

कुणी बोललं नाही. नाना जमिनीकडे बघत होते. शेवटी त्यांनीच सांगितलं, ‘शून्य लिही.’

ती वही माझ्याकडे अजून आहे. पोती शून्य, दर कोरा, रक्कम साठ, माणशी सहा. नानांनी ते सहा रुपये घेतले आणि त्याच रात्री आमच्याकडे ज्वारी आली. म्हणून तसा पैसा घेणारा प्रत्येक जण गुंड असतो, असं माझ्याकडून तुम्हाला ऐकायला मिळणार नाही. पण त्या वहीत दुसऱ्या प्रत्येक ओळीत आकडा आहे, दोनशे चाळीस, एकशे ऐंशी, तीनशे दहा, आणि त्या आकड्यांवर नाना ताठ मानेनं बोलायचे. त्या एका ओळीबद्दल ते कधी बोलले नाहीत. तुमच्या दारात आलेल्या पाच जणांची वही कुणी लिहिली असती, तर तिथेही शून्यच आलं असतं.

आता कायदा. महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार अधिनियम १९६९ चा आहे. माथाडींचे नेते अण्णासाहेब पाटील यांनी त्यासाठी आयुष्य वेचलं, पुण्यात डॉ. बाबा आढावांच्या हमाल पंचायतीनं या माणसांना संघटित केलं. त्याआधी अडचण अशी होती की हमालाला मालकच नव्हता. सकाळी एकाची गाडी, दुपारी दुसऱ्याची. म्हणजे भविष्यनिर्वाह निधी कोण भरणार? रजा कुणाकडे मागायची? पाठ मोडली तर दवाखान्याचा खर्च कुणाचा? कायद्यानं त्यावर मंडळ काढलं. त्यात सरकार, मालक आणि कामगार तिघांचे प्रतिनिधी. मालकाची नोंदणी होते, कामगाराची होते. मालक कामाची मजुरी आणि तिच्यावर ठरलेल्या टक्क्यांची लेव्ही मंडळाकडे भरतो. मंडळ कामगाराला मजुरी देतं आणि लेव्हीतून निधी, ग्रॅच्युइटी, रजा, औषधपाणी बघतं. जगात फार थोड्या ठिकाणी अशी सोय आहे, आणि मला तिचा अभिमान आहे.

यातून तुमच्या कामाची गोष्ट एवढीच निघते की पैसा मंडळाकडे जातो, मोटरसायकलवरच्या हातात नाही. रोख मागितली, पावती नाही, नोंदणीचा क्रमांक सांगता येत नाही, मग तो माथाडीचं नाव वापरतो आहे एवढंच. धाक दाखवून पैसे काढणं म्हणजे खंडणी. भारतीय न्याय संहितेत त्याला कलम ३०८ आहे. या बनावट माथाड्यांना आवरायचं म्हणून २०२३ मध्ये विधिमंडळात दुरुस्ती विधेयक आलं, तेव्हा खऱ्या संघटनांनीच त्याला विरोध केला. खंडणीखोरांच्या नावाखाली कायदाच पातळ होईल, अशी त्यांना भीती होती. ती भीती मला पटते. त्या पाच जणांनी तुमचे आठ हजार नेलेच. पण आज तुमच्या मनात ‘माथाडी’ या शब्दाला जो वास आला आहे, तो उद्या बाजारातल्या खऱ्या हमालाला भोगावा लागणार. त्यांचं ते पाप आठ हजारांहून मोठं आहे.

आणि एक प्रश्न मी तुम्हालाही विचारते. हायड्रानं मशिन दारात ठेवलं. तुमच्या शेडचं छत हायड्राच्या बूमला पुरेल इतकं उंच नसणार. मग दारापासून फाउंडेशनपर्यंत साडेपाच टन कुणी नेले? पत्रात तुम्ही ते लिहिलेलं नाही. माझा अंदाज, तुमच्याच चार पोरांनी, पाईपचे रोलर घालून, पहारी लावून. ती लेथवरची पोरं आहेत. रोलर तिरका गेला आणि मशिन कललं, तर पायाचा पंजा जातो. वकील म्हणून असं प्रकरण मी एकदा चालवलेलं आहे. खरं काम तिथे होतं, जाणत्या टोळीचं काम, आणि त्याचे पैसे कुणालाच मिळाले नाहीत.

तेव्हा दुसऱ्या मशिनच्या आधी हे करा. पुण्याच्या माथाडी मंडळाला लेखी विचारा की तुमचा कारखाना कायद्याच्या कक्षेत येतो का आणि येत असेल तर नोंदणी कशी करायची. आतल्या सरकवणीसाठी नोंदलेली टोळी त्यांच्याकडूनच मागा, मजुरी आणि लेव्ही तिथेच भरा. आदल्या दिवशी पोलीस चौकीत गाडीचा नंबर आणि वेळ देऊन अर्ज टाका, पोच घ्या. त्या दिवशी शेजारच्या दोन कारखानदारांना चहाला बोलवा. एकट्या माणसाकडून पैसे काढणं सोपं असतं. आणि कुणी आलंच, तर हुज्जत घालू नका. फक्त म्हणा, ‘देतो, पावती करा, आणि तिच्यावर वजन किती उचललं ते लिहा.’

प्रश्न : मी विधी महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला आहे. अमेरिकेत ‘फेदरबेडिंग’ म्हणजे गरज नसलेले कामगार मालकावर लादणं कायद्यानं बंद केलं, असं वाचलं. आपल्याकडे तसा कायदा का नाही? संघटनांचा यंत्रांना विरोध म्हणजे हेच ना?

उत्तर : फेदरबेड म्हणजे पिसांची गादी. शब्दातच आरोप आहे, म्हणून तो कोण वापरतंय ते आधी बघायची सवय लावून घ्या.

अमेरिकेत १९४७ च्या टाफ्ट-हार्टले कायद्यानं, न केलेल्या आणि करायच्याही नसलेल्या कामाचे पैसे मालकाकडून काढणं ही संघटनेची अनुचित प्रथा ठरवली. पण कायदा झाला आणि प्रथा गेली, असं झालं नाही. १९५३ साली वृत्तपत्रांच्या मालकांचा खटला तिथल्या सर्वोच्च न्यायालयात गेला. जाहिरातदार तयार ठसा पाठवायचे, त्यावरून जाहिरात छापून व्हायची. तरी संघटनेच्या नियमानं कंपोझिटर तीच जाहिरात पुन्हा खिळ्यांत, म्हणजे शिशाच्या सुट्या अक्षरांत, जुळवायचे, मुद्रितशोधक ती तपासायचे, चुका दुरुस्त व्हायच्या, आणि मग सगळा मजकूर वितळवायला टाकून द्यायचा. न्यायालयानं काय म्हटलं? काम निरुपयोगी असेल, पण ते झालेलं आहे. म्हणून कायदा मोडलेला नाही. बंदी उरली ती फक्त काहीच न करता पैसे घेण्यावर. माझ्या पहिल्या उत्तरातली शून्याची ओळ, तेवढीच.

वकिलीची नोकरी लागण्याआधी सदाशिव पेठेतल्या एका छापखान्यात मी दीड वर्ष मुद्रितं वाचली आहेत. चिमट्यानं एकेक खिळा उचलणारे, उलटी अक्षरं सुलट्याइतकी सहज वाचणारे कंपोझिटर मी पाहिले आहेत. त्यातल्या कुणाला रोज चार तास जुळवलेलं रोज वितळवायला लावलं असतं, तर त्याचा पगार राहिला असता पण त्याच्या हाताचं काय झालं असतं, याचा विचार करून बघा. त्या न्यायनिवाड्यात याबद्दल काही नाही, आणि मला तीच मोठी हानी वाटते.

शेजारचं उदाहरण केरळचं. तिथे ‘नोक्कुकूली’ म्हणतात. नोक्कु म्हणजे बघणं, कूली म्हणजे मजुरी. माल यंत्रानं उतरला तरी नुसतं बघण्याची मजुरी. १ मे २०१८ पासून, म्हणजे कामगार दिनीच, राज्य सरकारनं ती बंद केली. तरी २०२१ मध्ये तिरुवनंतपुरमजवळ इस्रोच्या केंद्राची अवजड यंत्रसामग्री नेणारी गाडी अडवून दहा लाख मागितले गेले, आणि त्याच वर्षी उच्च न्यायालयानं अशा मागणीकडे खंडणी म्हणूनच बघायला सांगितलं. भोसरी आणि तिरुवनंतपुरम, वाक्य एकच: आम्ही उभे आहोत ना.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. यंत्राला विरोध म्हणजे हेच का? नाही, आणि इथे घाई करू नका. १९२८ साली मुंबईच्या गिरण्यांत दीर्घ संप झाला. मालकांचं म्हणणं, एका विणकरानं दोन मागांऐवजी तीन माग सांभाळावेत. मालकाच्या हिशोबात प्रत्येक तिसरा विणकर जादा ठरत होता. विणकराच्या हिशोबात तो जादा नव्हता, उरलेल्या दोघांवर दीडपट काम येत होतं. माणूस ‘अनावश्यक’ आहे हे कुणी मोजलं, त्यावर उत्तर बदलतं. आपल्या मार्केट यार्डातच बघा. इलेक्ट्रॉनिक काटा आला, मग तोलणाऱ्याला तोलाई कशासाठी, हा वाद वर्षानुवर्षं चालू आहे. शेतकऱ्याच्या पट्टीतून ती कापू नये, हे मला मान्य आहे. पण मापात मारलं जात नाही ना, हे बघायला काट्याशेजारी परका माणूस असणं, हेही शेतकऱ्याच्याच कामाचं आहे. ज्यानं आपला कांदा स्वतः आणून विकला आहे, त्याला विचारा.

मला विचाराल तर अभ्यास करण्याजोगा दाखला अमेरिकेच्याच पश्चिम किनाऱ्यावरचा आहे. तिथल्या गोद्यांत नियम होता की फळ्यांवर रचून आलेला माल धक्क्यावर आधी उतरवायचा आणि गोदी कामगारांनी तोच पुन्हा रचायचा. थप्पी मोडायची, थप्पी लावायची. १९६० साली गोदी कामगारांचे नेते हॅरी ब्रिजेस यांच्या संघटनेनं मालकांशी करार केला की हे नियम आम्ही सोडतो, यंत्रं आणा, पण यंत्रांनी वाचणाऱ्या पैशातला वाटा द्या. साडेपाच वर्षांत सुमारे २ कोटी ९० लाख डॉलरचा निधी ठरला. त्यातून म्हाताऱ्या कामगारांना लवकर निवृत्ती आणि नोंदलेल्या कामगारांना किमान कमाईची हमी. थोड्याच वर्षांत कंटेनर सगळीकडे पसरले. तो करार पुढे पुरला का, यावर संघटनेतच भांडणं झाली. पण त्यात पैसा कशाचा आहे हे कागदावर खरं लिहिलं होतं.

आपणही असं खरं लिहिलेलं आहे. गोदी कामगारांसाठी १९४८ चा कायदा झाला. त्याखाली मुंबईत जी योजना आली तिच्यात, कामगार हजर झाला आणि काम निघालं नाही, तर त्याला देण्याच्या रकमेचं नाव होतं ‘डिसअपॉइंटमेंट मनी’. निराश होऊन परत जाण्याचे पैसे. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा १९७८ चा श्रावण आठवला. त्या साठ रुपयांना असं नाव कुणी दिलं असतं, तर नानांना जमिनीकडे बघावं लागलं नसतं.

प्रश्न : आमची सोसायटी कर्वेनगरमध्ये आहे, चाळीस फ्लॅट. जुनी जाळीच्या दाराची लिफ्ट काढून ऑटोमॅटिक बसवली. लिफ्टमन काका बावीस वर्षं आमच्याकडे आहेत, वय ६१, पगार १४ हजार. आता बटण कुणीही दाबतं. काही सभासद म्हणतात, बिनकामाचा पगार बंद करा. काही म्हणतात, राहू द्या बिचाऱ्याला. सभा रविवारी सकाळी दहाला असते. सेक्रेटरी म्हणून मी काय करावं?

उत्तर : ‘बिचारा’ हा शब्द आधी इतिवृत्तातून काढा. बावीस वर्षं ज्यांनी तुमच्या घरातल्या म्हाताऱ्यांना हात धरून बाहेर काढलं, ते बिचारे नाहीत.

नुसतं स्टुलावर बसवून ठेवू नका. येताजाता लोक बघतात आणि ते बघणं माणसाला जाळतं. दोनच सरळ वाटा आहेत. एक, खरं काम द्या. पाण्याच्या मोटारी आणि टाक्यांच्या वेळा, कुरिअर घेणं, वीज गेली की अडकलेल्यांना काढायचं प्रशिक्षण. हे सगळं चाळीस फ्लॅटना लागतंच आणि सध्या कुणीतरी ते अर्धवट करतंय. त्यांना झेपतं का आणि हवं आहे का, हे विचारून, कामाचं नाव बदलून पत्र द्या.

दोन, त्यांना थांबायचं असेल तर निरोप रीतसर द्या. दहा किंवा त्याहून जास्त नोकर असलेल्या ठिकाणी ग्रॅच्युइटीचा कायदा लागतो. तुमच्याकडे तेवढे नसतील, पण हिशोब तोच धरा. १४ हजार भागिले २६, गुणिले १५, गुणिले २२ वर्षं. सुमारे १ लाख ७७ हजार ७०० होतात. चाळीस फ्लॅटमध्ये वाटले तर घरटी साडेचार हजारांच्या आत. नव्या लिफ्टसाठी घरटी किती काढले, तो आकडा शेजारी लिहून सभेपुढे ठेवा. ठरावात ‘मदत’ लिहू नका, ‘बावीस वर्षांच्या सेवेची देय रक्कम’ लिहा. चेक त्यांच्या नावानं काढा.

आणि ही सभा काकांच्या पाठीमागे घेऊ नका, त्यांचं म्हणणं त्यांच्याच तोंडून ऐका. तुम्ही पत्रात लिहिलं आहे की सभा रविवारी सकाळी दहाला असते. त्या वेळी त्यांची ड्यूटी असते. वेळ बदला.